जोडे घातलेली अक्षरं

आधी चहा घे, मंजुश्री. फोटो मग काढ. अक्षरं कुठं पळून चालली न्हाईत. पळायची असती तर कवाच पळाली असती, पायात जोडे हायेतच त्यांच्या.

हे मठात गेलेत. दर सोमवारी जातात. शेजारची शिवगंगा हात धरून नेते अन् आणून सोडते. येतील तासाभरात. तोवर मला विचार काय विचारायचं ते, फक्त मघाचं तेवढं परत विचारू नको. ह्यांचं नाव काय म्हणून विचारलंस ना, यांच्यावरनं तू कॉम्प्युटरात जी अक्षरं करणार, त्यांच्याखाली लिहायला? अगं, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. बँकेत साहेबानं विचारलं तरी मी आधार कार्ड पुढं करते. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही मागं-पुढं शब्द लावून, तोंडातल्या तोंडात. सुटं नाव घ्यायचा रिवाज न्हाई. त्याची एक गोष्ट हाय, पण ती अक्षरांपासनं सांगावी लागंल. लातूरहून एवढ्या लांब देगलूरला आलीस तर बस जरा निवांत.

ही अक्षरं आमच्या सासऱ्यांनी कोरली. गावाच्या बाहेर निजामाच्या काळातली एक कापसाची जिनिंग होती, आता तिची भिंत पण उरली न्हाई. तिच्या कपाळावर इंग्रजी अक्षरं होती म्हणे, ही एवढाली, जाडजूड, अन् खाली प्रत्येकाला चपटे पाय. सासऱ्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण येता-जाता बघायचे अन् म्हणायचे, हे अक्षर वारं आलं तरी हलणार न्हाई. मग डोक्यात भरलं, आपल्या मराठी अक्षराला असेच पाय लावायचे. तिकडं इस्लापूरकडनं शिसवीचं लाकूड आणलं अन् बसले कोरत. लोक हसले. म्हणाले, मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, त्याला खाली पाय कशाला? सासरे म्हणाले, पैलवानाचं नाव छापायचंय, पैलवान कधी लटकतो का?

तू या जाड पायांच्या अक्षरांना स्लॅब म्हणालीस. आमच्याकडं स्लॅब घरावर पडतो. आमच्याकडं याला जोड्याची अक्षरं म्हणतात. क बघ, म बघ, खाली कसे जाड जोडे घातल्यासारखे दिसतात. अन् ट, ठ, ड असली गोल बुडाची बघ. त्यांना जोडे कुठं घालायचे? तर सासऱ्यांनी त्यांच्या खाली पाट ठेवला बसायला. हातात घेऊन बघ, पडू देऊ नको तेवढं.

आमच्या प्रेसमध्ये या अक्षरांना एकच काम होतं. जत्रेच्या कुस्त्यांची जाहिरात छापायची, त्यात शेवटच्या कुस्तीच्या पैलवानांची नावं या अक्षरात घालायची. शेवटची कुस्ती म्हणजे मानाची, सगळ्यात मोठ्या इनामाची. बाकी सगळं दुसऱ्या टाइपात. सासऱ्यांनी तसा नियम घालून दिला अन् ह्यांनी तो पाळला. लई पाळला. एकदा एक पुढारी आले, वाढदिवसाचं पोस्टर पाहिजे, नाव या अक्षरात पाहिजे. हे म्हणाले, साहेब, तुम्ही शेवटची कुस्ती लावा, आपण छापू. पुढारी गेले ते गेलेच, मागनं त्यांची पावतीपुस्तकं पण गेली. मी म्हणलं, काय बिघडलं असतं? तर म्हणाले, पोटासाठी लंगोट विकायचा का?

अन् पैलवान कसे यायचे. कुठनं कुठनं यायचे, बिदरकडनं, उदगीरकडनं. जाहिरात छापायच्या आधी फर्म्यावर, म्हणजे जुळवलेल्या अक्षरांच्या चौकटीवर, आपलं नाव हातानं चाचपून बघायचे. उलटं असायचं, वाचता यायचं न्हाई, तरी चाचपायचे अन् पाया पडून जायचे. ह्यांचं स्वतःचं नाव कुठं असायचं मालूम हाय? जाहिरातीच्या पार तळाला, मुद्रक म्हणून, मुंगीएवढ्या अक्षरात. ते कोण वाचतं?

हे माणूस कसे म्हणशील तर गप्प. माझ्या उलटे. मी माहेरी बिदरकडची, शाळा चौथीपर्यंत, ती पण कन्नडात. लग्न होऊन आले तेव्हा मराठी बोलता यायची, वाचता यायची न्हाई. प्रेसमध्ये मी टेबलाच्या ह्या बाजूला बसून पावतीपुस्तकं चिकटवायची अन् हे त्या बाजूला उभं राहून खिळे जुळवायचे. खिळा म्हणजे छापायचं एक-एक अक्षर, शिशाचं, आरशातल्यासारखं उलटं. बघता बघता मी ते शिकले. म्हणजे मराठी मी उलटीच शिकले. अजून पण देवळावरची सरळ पाटी वाचताना मला जरा अडतं, उलटी असती तर धाडधाड वाचली असती. हे लई हसायचे. म्हणायचे, हिला पत्र लिहायचं असलं तर आरसा जोडून पाठवा.

ह्यांना हसताना तेवढंच बघितलं. बाकी काम अन् काम. हात असे चालायचे की केसकडं, म्हणजे खिळ्यांच्या त्या खानेवाल्या पेटीकडं, बघायचे पण न्हाईत. कुठल्या खान्यात कुठलं अक्षर ते बोटांना पाठ. तिथंच घोटाळा झाला बघ.

एका लग्नाची पत्रिका छापली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील दगडोबा दारात उभे. गरीब माणूस, ओरडला न्हाई, पत्रिका पुढं केली नुसती. नवरदेवाच्या नावात दोन अक्षरं भलतीच, अन् गावाच्या नावात एक. ह्यांच्या हातून असं कधी झालेलं न्हाई. परत छापून दिल्या. दगडोबा गेल्यावर मी केस उघडून बघितली, तर त च्या खान्यात न, म च्या खान्यात भ. छापून झालं की खिळे परत ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे असतात. टाकताना अक्षर बघावं लागतं. ह्यांनी अंदाजानं टाकलेले, अन् मग बोटांनी भरवशानं उचललेले.

मी विचारलं, हे कसं झालं? म्हणाले, उंदरानं केलं असंल.

मी म्हणलं, उंदीर कागद खातो हे ऐकलं होतं, कंपोझिंग कधी शिकला?

तेव्हा खाली बसले. म्हणाले, लक्ष्मम्मा, मला बारीक अक्षर दिसंना गेलंय. कधीपासनं, तर म्हणे मागच्या जत्रेपासनं. जाहिरातीच्या तळाला आपलं नाव हाय का न्हाई बघायला गेलो अन् तिथं नुसती काळी रेघ दिसली. म्हणजे बघ, सगळ्यात आधी ह्यांचं स्वतःचं नावच दिसायचं बंद झालं. अन् वर्षभर हा माणूस मला काही बोलला न्हाई. लपवण्यात पक्का. मला असा राग आला की दोन दिवस मी नुसती भाकरी पुढं सरकवली, बोलले न्हाई.

मग नांदेडला नेलं. आमचा वीरेश आला होता गाडी घेऊन, आमचा मुलगा, तिकडं तुमच्या लातूरला फ्लेक्सचं दुकान हाय त्याचं. डॉक्टरनं चांगलं समजावून सांगितलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हा मागच्या पडद्याचा आजार. मधलं दिसत न्हाई, कडेचं दिसतं. गेलेलं परत येणार न्हाई, उरलेलं जेवढं टिकंल तेवढं टिकंल. तेव्हापासनं बघ, हे माणसाकडं बघायचं असलं की त्याच्या कानाकडं बघतात. नवा माणूस गोंधळून जातो, कानाला काय लागलंय म्हणून चाचपतो.

परत येताना गाडीत हे रस्त्यावरच्या पाट्या वाचून राहिले होते. ही दिसते, ही न्हाई दिसत. मोठी दिसायची, बारीक न्हाई. घरी आल्या आल्या प्रेसमध्ये गेले अन् जोड्याची अक्षरं काढून टेबलावर मांडली. एक-एक वाचली. सगळी दिसली. मला म्हणाले, ही अजून हायेत, फिकीर करू नको.

त्या दिवशी माझ्या मनानं एक घेतलं. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं या अक्षरात मांडली. ही दिसतात तोवर एकदा ह्यांनी आपलं नाव यात बघावं. मला दुसरं काही नको होतं. पण सांगू कशी? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मी कुठली कुस्ती मारली? नियम म्हणजे नियम. म्हणून मी गप्प बसले, म्हणलं, संधी बघून करू.

तेवढ्यात जत्रेचे दिवस आले. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावची जत्रा हाय, तिथली कमिटी दरसाल आमच्याकडंच यायची. यंदा त्यांचा वैजनाथ आला तो आधी पाणी प्यायला, मग चहा प्यायला, मग पंख्याकडं बघत बसला. मला कळलं, याच्या पोटात काहीतरी हाय. शेवटी बोलला, "अप्पा, यंदा पोरं फ्लेक्स करू म्हणून राहिलेत. रंगीत होतं, पैलवानाचा फोटो येतो."

हे म्हणाले, "करा की."

"तसं न्हाई अप्पा. पैलवान म्हणतात जोड्याचं अक्षर पाहिजे. पण ते पत्रिकेचं कानावर आलंय. इनामाचे आकडे चुकले तर फडात डोकी फुटतील."

खरंच होतं त्याचं. हे हात मांडीवर ठेवून वैजनाथच्या कानाकडं बघत बसले. मला ते बघवंना.

मी म्हणलं, "वैजनाथ, मोठी नावं हे जुळवतील. बारीक मजकूर मी जुळवते."

"अक्का, तुम्ही?"

"का? उलटी मराठी माझ्याएवढी देगलुरात कुणाला येते सांग."

वैजनाथ हसला. हे पण हसले. म्हणाले, "तिला चूक सापडली की ती दोन दिवस जेवण नीट देत न्हाई. आकडे चुकायचे न्हाईत." झालं, काम घेतलं.

आधी ती नासलेली केस मी सगळी साफ केली. एक-एक खिळा उजेडाला धरून आपापल्या खान्यात. मग मजकूर. माझे हात काही ह्यांच्यासारखे चालत न्हाईत. एक ओळ जुळवायला मला भाजी-भाकरी होऊन जाईल एवढा वेळ. हे टेबलाच्या माझ्या बाजूला बसले अन् मी त्यांच्या बाजूला उभी. पहिल्यांदाच अशी अदलाबदल झाली. मधनंच सांगायचे, ओळीत हवा ठेवू नको, घट्ट बसव, सैल राहिली की मशीनवर नाचते. मी म्हणायची, साकु, कळलं मला. आमच्या कन्नडात साकु म्हणजे पुरे. माहेरची भाषा मला रागातच आठवते.

तळाची ओळ आली, मुद्रकाची. मी थांबले. हे म्हणाले, काय झालं? म्हणलं, काही न्हाई. अन् ह्यांचं नाव मी एक-एक अक्षर वेचून लावलं. तोंडानं घ्यायचं न्हाई असं आईनं सांगितलं होतं, बोटानं घ्यायचं न्हाई असं कुणी सांगितलं न्हाई.

मग ह्यांनी जोड्याची अक्षरं घेतली. त्या दोन पैलवानांची नावं मांडली. मान वाकडी करून प्रत्येक अक्षराकडं कडेनं बघितलं, खालून बोट फिरवून पाय सरळ रेघेत हायेत का ते चाचपलं. फर्मा आवळला. मी शाई फिरवली, ह्यांनी मशीनचा दांडा ओढला. गुलाबी कागद उचलला तर अगदी बरोबर. एक आकडा चुकला न्हाई. ह्यांनी कागद नाकाला लावला अन् दोन्ही नावं मोठ्यानं वाचली. माझ्या जिवाला एवढं बरं वाटलं. म्हणलं, दिसतंय अजून, वेळ हाय आपल्याकडं.

वैजनाथ गठ्ठा घेऊन गेला. जत्रा झाली. वैजनाथनं फोन करून सांगितलं, जाहिरात बघून लोक लई आले, यंदा फड भरला.

मग उन्हाळा पडला. हे रोज प्रेसमध्येच बसून राहायचे. काम न्हाई, तरी झाडायचे, पुसायचे, जोड्याची अक्षरं तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवायचे. मला एकटीला प्रेस मिळंना. कधी मिळाली तर शाई वाळलेली. एकदा विचारलं, दिसतात ना अजून? म्हणाले, हाव, ठणठणीत दिसतात. मी विश्वास ठेवला.

सोमवार धरला शेवटी. शिवगंगा ह्यांना मठात घेऊन गेली अन् मी दार लोटून घेतलं. अक्षरं काढली. ह्यांच्या नावात एक जोडाक्षर लागतं. वाटलं, नसंल ते. पण सासऱ्यांनी कुठल्यातरी पैलवानासाठी कोरून ठेवलेलं सापडलं, पेटीच्या तळाशी, नवंकोरं. मांडलं. आवळलं. दांडा ओढायला माझ्या अंगात तेवढा जोर न्हाई, लटकलेच म्हण ना त्याला. कागद उचलला अन् बघितला. काय सांगू तुला. अख्ख्या कागदावर एकच नाव, काळंभोर, जमिनीत पाय रोवून उभं.

भांडणाची तयारी मी करून ठेवली होती. नियमाचं बोलले तर म्हणायचं, वर्षाच्या वर झालं तुम्ही डोळ्यांशी कुस्ती खेळून राहिलात, ही शेवटचीच हाय, सगळ्यात मोठी. नियमाबाहेर काही केलं न्हाई मी.

हे आले. दारातच म्हणाले, शाईचा वास येतोय. मी कागद हातात दिला. ह्यांनी आधी मागच्या बाजूनं बोट फिरवलं, दाब पडलेला असतो ना कागदावर.

म्हणाले, "जोडे हायेत."

मी म्हणलं, "हाव."

"कुणी सांगितलं छापायला? शेवटची कुस्ती कुणाची?"

"बघा की वाचून," म्हणलं मी.

ह्यांनी कागद नाकाला लावला. मान डावीकडं केली. उजवीकडं केली. खिडकीपाशी गेले, उजेडाला धरला, परत नाकाला लावला. मी बघून राहिले होते, आता चेहरा बदलंल, आता बदलंल. कागद खाली घेतला अन् माझ्या कानाकडं बघून म्हणाले, "चांगला छापलाय. शाई सारखी पडलीय. कोण पैलवान हाय, तू वाच की."

तेव्हा मला कळलं. ठणठणीत दिसतात म्हणाले होते ते खोटं. माझ्यासाठी खोटं. जोड्याची अक्षरं पण गेली होती अन् मी उशिरा आले होते. रडू असं दाटून आलं की वाटलं, कागद हिसकून घ्यावा अन् चुलीत घालावा. काही न्हाई, जुनाच कागद हाय म्हणून सांगावं.

पण हे थांबले होते. कागद माझ्यापुढं धरून, सरळ धरून, उभे होते. मी जर वाचलं न्हाई तर ह्यांचं नाव त्या अक्षरात कुणी बघितलंच न्हाई, असं झालं असतं. मी पदर डोक्यावर घेतला. का घेतला ते विचारू नको, हात आपोआप गेला. अन् वाचलं.

"माणिकप्पा."

ह्यांनी कागदावरनं हळूहळू बोट फिरवलं, वरच्या रेघेवरनं, मग खाली पायांवरनं. पहिल्या अक्षरापासनं शेवटच्या अक्षरापर्यंत. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, आता नियमाचं काढतील.

म्हणाले, "एवढा मोठा टाइप अन् एवढा बारीक आवाज? परत वाच."

मी परत वाचलं. समोरच्या किराणा दुकानातला बालाजी उठून बाहेर आला, कोण कुणाला हाक मारतंय ते बघायला.